मायच्या बाजूची गळती

झड लागली की मला नीळ आठवते. पांढऱ्या कपड्यांना घालायची, जुन्या काळची नीळ. आता ती मागितली की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग मागच्या फळीवर हात घालतो. यंदा भादव्यात परभणीत झड बसली. चार दिवस उघडायचं नाव नाही. आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गात फळ्याच्या वरून पाण्याचा ओघळ उतरला. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "मॅडम, बादली ठेवा." मी बादली ठेवली, पण जीव काही राहीना. मधल्या सुट्टीत नीळ आणली, तांब्याभर पाण्यात कालवली आणि शिपायाला म्हटलं, "शिडी लावा, हे पाणी गच्चीवर मी सांगते तिथं तिथं ओता." तो म्हणाला, "मॅडम, पाऊस कमी पडायलाय का, अजून ओतायचं?"

त्याचं बरोबर होतं. गळतं त्या छतावर आणखी पाणी ओतणारी बाई शहाणी दिसत नाहीच. पण ही विद्या मला एका ट्रकनं शिकवली आहे, आणि ती मी सोडत नसते.

ट्रक बाचा. बा म्हणजे माझे वडील. आमचं घर मानवतला, गावाबाहेरच्या वस्तीत, आणि ट्रक घरासमोरच उभा असायचा, थोडा डावीकडे कललेला, कारण जागाच उताराची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्या काळच्या ट्रकला कारखान्यातून नुसता सांगाडा यायचा. पुढची केबिन सुतार आणि पत्र्याचे मिस्त्री मिळून बांधायचे. आमची केबिन सागवानी चौकटीची, वर पत्रा ठोकलेला, आतून छताला लाल रेग्झिन आणि त्याला पितळी टिकल्यांची नक्षी. लहानपणी मी त्या टिकल्या मोजत झोपायची. पावसाळ्यात त्या केबिनला एक वास यायचा. ओलं रेग्झिन, डिझेल, आणि मायच्या डब्यातल्या ठेच्याचा लसूण. तसा वास पुन्हा कुठं आला नाही, आणि आला तर मी भर रस्त्यात उभी राहीन.

मी शिक्षिका झाले आणि जवळच्याच खेड्यात एसटीनं जाऊ-येऊ लागले, तेव्हा घर दिवसभर रिकामं पडायला लागलं. त्याच सुमाराला बाचा क्लीनर लग्न करून पुण्याकडं गेला आणि दुसरा मिळेना. माय एक दिवस म्हणाली, "मी येते की." बा हसला. दुसऱ्या दिवशी ती डबा बांधून डावीकडच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

मायसाठी ती सीट म्हणजे काय होतं, हे कळायला मला वेळ लागला. लग्नाआधी ती आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायची. ट्रकच्या हौद्यात, भांडीकुंडी, कोंबड्या, कोयते आणि सरपणाच्या वर बसून, पाठीला वारा घेत. तिनं अर्धा महाराष्ट्र पाहिला तो मागं सरत जाणारा. "मागं बसून लय हिंडले," ती म्हणायची, "रस्ता पुढून कसा दिसतो ते पन्नाशीला कळलं." काचेतून समोर येणारा रस्ता तिला पुरतच नसे. गंगाखेडला पुलावरून गोदावरी दिसली की ती हात जोडायची नाही, काही नाही, नुसती बघायची, आणि घरी आल्यावर मला सांगायची, "आज गंगेला लाल पाणी होतं बग." कुठल्या शेतात सरकी किती वाढली, वालूरच्या वाटेवर कुणाचं नवं घर झालं, सगळं तिला पाठ. आणि कामही करायची. चाकाला लाकडाचा गुटका लावायची, ताडपत्रीचा रस्सा ओढायची, आणि बा गाडी मागं घेताना हौद्याच्या फळीवर थाप मारत ओरडायची, "येऊ द्या... येऊ द्या... बास!" त्या 'बास'मध्ये असा काही जोर असायचा की शेजारपाजारच्या म्हशीही उभ्या राहायच्या.

त्या वर्षी मृगातच केबिन गळायला लागली. थेंब नेमका मायच्या सीटवर. आधी खांद्यावर, मग डोक्यावर. मायनं खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ केली आणि ती डोक्यावर घेऊन आत बसायला लागली. घराबाहेर खोळ घेतलेली बाई सगळ्यांनी पाहिलेली असते. छताखाली, काचेआड खोळ घेऊन बसलेली बाई मानवतकरांनी तेव्हाच पाहिली. ती स्वतःच हसायची. दोन महिने तिनं असे काढले, तक्रार नाही.

आणि श्रावणात एके दिवशी, परभणीच्या रेल्वे मालधक्क्यावरून युरिया भरून आल्यावर, ती खाली उतरली, खोळ दाराच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "मी आता येणार न्हाई."

"का गं?" बा म्हणाला.

"गळतंय."

"ते तर मिरगापसून गळायलंय."

"म्हणूनच. खताचं एक पोतं भिजू दिलं न्हाई तुमी जन्मात. दोन-दोन ताडपत्र्या घालता. मी भिजले तर चालतंय."

बानं मान खाली घातली आणि पाना शोधायला गेला. आमच्या घरातले पुरुष असे. बोलण्यात हरले की पाना हातात घेतात. माझे आजोबाही असेच होते म्हणतात, आजीशी भांडण झालं की मोटेचं चाक दुरुस्त करायचे.

मग ती गळती शोधायचा हंगाम सुरू झाला. श्रावण सरता सरता आणि भादव्याच्या तोंडाशी, म्हणजे ऐन झडीत. बानं पहिल्यांदा डाव्या बाजूचं काचेचं रबर बदललं. जुनं रबर वाळून कडक झालं होतं, तेच असणार. पाऊस आला, थेंब आला. मग डाव्या दाराच्या वरची सांध डांबरानं भरली. थेंब आला. मग डाव्या बाजूचा पत्रा उचकटून खाली प्लास्टिक सारलं. थेंब थोडा उशिरा आला, पण आला, आणि आता जरा मोठा आला. डावी बाजू म्हणजे मायची बाजू. बाचं म्हणणं साधं होतं, गळतं तिथंच भोक असणार. एक माणूस एवढी वर्षं ट्रक चालवतो आणि एवढं साधं चुकतो, याचं मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही. जिथं थेंब पडतो तिथंच बोट ठेवायची सवय मलाही आहे; वर्गात रडणाऱ्या पोराला मी आधी पाटी-पेन्सिलच विचारते.

दरम्यान माय नाही म्हटल्यावर गाडी मागं घेणं अवघड झालं. एका सकाळी बानं आरशात बघत बघत आमच्या न्हाणीची भिंतच पाडली. माय आत चुलीपाशी होती. आवाज ऐकला, बाहेर आली, विटांकडे बघितलं, बाकडे बघितलं, आणि पुन्हा आत गेली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बाला बरं वाटलं असतं.

शेवटी शब्बीरचाचाला बोलावलं. हे पत्र्याचे मिस्त्री, पाथरी रस्त्याला त्यांचं दुकान होतं. बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल, आणि घाई या शब्दाशी जन्मात ओळख नाही. त्यांनी केबिनभोवती एक फेरी मारली आणि बाला विचारलं, "उस्ताद, पानी कसं टाकून बघितलं?"

"बादलीनं. वरून."

"मंग काय, सगळंच भिजलं. भिजलेल्या माणसाला पाऊस कुठून आला विचारता काय? खालून वर जायचं. आधी काचेच्या खाली तांब्याभर. थांबायचं. बिडी संपेपर्यंत थांबायचं. आतून कुणीतरी बघायचं. न्हाई आलं, एक वीत वर. पुन्हा थांबायचं. पानी लय शहाणं असतं, भाई. घुसतं एकीकडं, चालत जातं दुसरीकडं, आणि टपकतं तिसऱ्याच्या डोक्यावर."

एवढं सांगून, चहा पिऊन ते गेले. दुपारी नमाज होती आणि दुकानात दुसरं काम होतं. आतून बघायला मी होते. रविवार होता. छताचं लाल रेग्झिन आम्ही डाव्या बाजूपासून सगळं सोलून ठेवलं, टिकल्या मी एका वाटीत जमा केल्या. मी सीटवर उताणी पडले, हातात बॅटरी आणि शाळेतला खडू. बाहेर बा शिडीवर, हातात तांब्या. पाऊस तासाभरासाठी थांबलेला.

"टाकू का?"

"टाक."

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"बा, बिडी संपेपर्यंत थांबायचं म्हणलेत ना चाचा."

"म्या बिडी सोडून चार वर्सं झाली."

"मंग शंभर मोज."

शिडीवर उभा राहून तो मोठ्यांदा शंभर मोजायचा. साठाच्या पुढं त्याचे आकडे घसरायचे, मी आतून दुरुस्त करायची. अशी आम्ही अर्धी दुपार काढली. लाकडाच्या पट्टीवर पावसाची जुनी ओल दिसली की मी खडूनं गोल करायची, नवी वेगळी कळावी म्हणून. काचेचं रबर कोरडं. दाराची सांध कोरडी. डावा पत्रा कोरडा. एवढं सगळं कोरडं, आणि तरी केबिन गळकी. असं निवांत पडून राहून मी बाशी कधी इतका वेळ बोलले नव्हते. त्या दुपारची मला अजून असूया वाटते, माझीच मला.

मग माझ्या लक्षात आलं की बाचा तांब्या एका जागेला वळसा घालून जातोय. उजवीकडं, बरोबर त्याच्या स्वतःच्या सीटच्या वर, टपावर एक लोखंडी नळी होती, पत्र्याला चार बोल्टांनी बसवलेली. त्याच एप्रिलात, जयंतीच्या मिरवणुकीत आमचा ट्रक सगळ्यात पुढं होता आणि झेंडा उंच दिसावा म्हणून बानं ती नळी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं बसवली होती. झेंडा नंतर उतरवून घरात ठेवला, नळी तिथंच राहिली. रोज गाडीत चढताना तो आधी त्या नळीच्या दिशेनं हात करून छातीला लावायचा.

"बा, नळीपाशी टाक."

"तिथून न्हाई यायचं."

"कशावरून?"

"अगं, ती झेंड्याची जागा हाय. आणि ती माझ्या डोक्यावर हाय. तुझ्या मायच्या न्हाई."

नंतर कळलं, शब्बीरचाचांनाही फेरी मारतानाच त्या नळीचा संशय आला होता. "तुमच्या झेंड्याची जागा," ते म्हणाले, "मी कशाला पाना लावू? उस्तादला काय वाटंल?" एकानं श्रद्धेनं हात लावला नाही, दुसऱ्यानं अदबीनं. आणि त्या दोघांच्या चांगुलपणातून पाणी आरामात आत येत होतं.

मी केबिनमधून डोकं बाहेर काढून म्हटलं, "बा, झेंडा आपला हाय. बोल्ट बाजारातला हाय."

त्यानं तांब्या शिडीच्या पायरीवर टेकवला. मग म्हणाला, "पण आत पट्ट्यांवर पावसाची ओल आधीच हाय, आलेलं पाणी नळीचंच कशावरून?" प्रश्न रास्त होता. मी घरात गेले, मायच्या कपड्यांच्या साबणाशेजारची नीळ घेतली. मायनं विचारलं, "नीळ कशाला?" मी म्हटलं, "बघ तरी येऊन." ती आली नाही.

निळं पाणी बानं नळीच्या बुडाशी सोडलं, हळूच, जपून. मी आत मोजत होते. वीस, तीस. चाळिसाच्या आसपास उजवीकडच्या फळीवर निळी रेघ उमटली. ती थांबली, विचार केल्यासारखी, आणि मग मधल्या पट्टीवरून कललेल्या गाडीच्या उतारानं सरळ डावीकडं निघाली. पट्टी जिथं संपते तिथं एक थेंब जमला. निळा थेंब. पडला तो मायच्या सीटच्या बरोबर मधोमध.

"आलं," मी म्हटलं. बा खाली उतरून आत आला, थेंबाकडं बघितलं, मग त्या रेघेवरून बोट फिरवत फिरवत आपल्या डोक्यावर नेलं. "माझ्याच बाजूनं," तो म्हणाला.

नळी काढायच्या आधी त्यानं हात धुतले. काढलेली नळी नव्या टॉवेलात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवली. खाली बघतो तर काय, भोकं बोल्टांपेक्षा मोठी आणि मध्ये रबर नाहीच. घाईत बसवलेली ना. जुन्या ट्यूबचे चार गोल तुकडे मी कात्रीनं कापले, बानं पंक्चरचं सोल्युशन लावून ते बसवले, नळी पुन्हा कसली, कडेनं रंगाऱ्याची लांबी भरली, दुसऱ्या दिवशी वर रंग दिला. रेग्झिन पुन्हा ताणलं. एक-एक टिकली मी जागच्या जागी ठोकली. त्या रात्री झड पुन्हा लागली ती पाच दिवस. केबिन आतून कोरडीठाक. बानं मायच्या सीटवर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, ते सकाळी हातात घेऊन आला आणि तिच्यापुढं धरलं. एक ठिपका नाही.

माय म्हणाली, "बरं झालं." आणि तांदूळ निवडायला लागली.

ती आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी तिला म्हटलं, "माय, आता कोरडं हाय. जा की." तेव्हा ती सूप खाली ठेवून बोलली.

"मी काय भिजायला भेते का? ऊसतोडीला आमच्या पालात पाणी वाहायचं गं. त्या दिशी धक्क्यावर आपल्या गल्लीतले दोघं ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांनी याला विचारलं, क्लीनर मिळाला का उस्ताद? तर हा म्हणला, हा काय, फुकटचा क्लीनर हाय की. रजा न्हाई, कटकट न्हाई. सगळे हसले. मी खोळ घेऊन बसलेली, वर टिपटिप चालू. मला बी हसायला लागलं त्यांच्यासंग." तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "मला वाटायचं मी त्याच्यासंगं बसून जायलेय."

मग म्हणाली, "त्याला सांगू नको. त्याला आठवत असंल तर येऊन म्हणंल."

मी दोन दिवस सांगितलं नाही. शिक्षिका असून एवढं गप्प बसले, हेच पुष्कळ. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर भर पावसात बा शिडीवर उभा. डोक्यावर मायची खोळ, हातात तांब्या. कोरड्या केबिनवर, पडत्या पावसात, तो पाणी ओतत होता आणि स्वतःशी आकडे मोजत होता.

"बा! आता कशाला?"

"कुठंतरी राह्यलं असंल," तो म्हणाला. "न्हाईतर ती आली असती."

मला रडू आलं. मी मायला दिलेला शब्द तिथंच मोडला आणि शिडीच्या खाली उभी राहून सगळं सांगितलं. त्याला ते आठवतही नव्हतं. बराच वेळ आठवत राहिला, आणि आठवलं तेव्हा त्याचं तोंड असं झालं की मी बघितलं नसतं तर बरं. तो हळूच उतरला. त्या दिवशी त्यानं पाना हातात घेतला नाही.

हे सगळं जुनं झालं. ट्रक पुढं पाच-सहा वर्षांनी विकला. बाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी बंद. आता दोघं एसटीनं माझ्याकडं येतात आणि माय चढल्या चढल्या ड्रायव्हरच्या मागची, पुढच्या काचेतून दिसेल अशी जागा धरते; बा तिच्या शेजारी बसतो आणि तिला दिसलेलं ऐकत येतो. आमच्या घरात अजून कुणी कुणाची माफी सहज मागत नाही. माझ्या नवऱ्याशी माझं वाजतं तेव्हा मीही आधी पंख्याचं बटणच दुरुस्त करायला घेते. पण कुठंतरी मला माहीत असतं की दुरुस्ती करणं वेगळं आणि येऊन म्हणणं वेगळं.

कारण मी बाला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर रेक, म्हणजे खताची मालगाडी, लागला होता आणि गल्लीतले ते दोघे ड्रायव्हर, धक्क्यावर हसलेले, बाबरोबर निघायला आमच्या दारात उभे होते. पाऊस रिमझिम चालू. बा उंबऱ्यापर्यंत आला, आत आला नाही. ते दोघे ऐकतील अशा आवाजात म्हणाला,

"कमल, त्या दिशी धक्क्यावर मी लय खालचं बोललो. तू माझा क्लीनर न्हाईस. तू शेजारी नसलीस तर मला गाडी चालवू वाटंना. एकट्याला रस्ता सरंना. चल."

आम्ही त्याच्या तोंडून तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ती कायम 'सुजाचे माय', सुजा म्हणजे मी. ते दोघे ड्रायव्हर आपापल्या चपलांकडं बघायला लागले. माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. परातीतलं पीठ संपवत आणलं, भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"दोन राह्यल्यात," ती म्हणाली. "होऊ द्या."

तिघंही पावसात थांबले. एकानं जाऊन आपल्या ट्रकचं इंजिन बंद केलं. दोन भाकऱ्या झाल्या, डबा बांधला, मायनं हात धुतले, पदर खोचला आणि डावीकडच्या दारानं वर चढली. डोक्यावर खोळ नाही. बानं गाडी सुरू केली, न्हाणीची पडकी भिंत चुकवत रस्त्याला घेतली. मी दारात उभी होते.

वळणावर मला दिसलं, मायनं काच पूर्ण खाली केली. आधी हात बाहेर काढला, कोपरापर्यंत, मग तोंडही पुढं केलं. पाऊस तिच्या बाजूनं सरळ आत येत होता, सीटवर, डब्यावर, नव्या ताणलेल्या रेग्झिनवर. बानं एकदा तिच्याकडं बघितलं. काच वर कर असं तो म्हणाला नाही.